बैलाच्या वाटणीची वाढ

एका गावात तेलाचा घाणा होता आणि त्या घाण्यावर एक भोळा गडी होता. नाव भुजंगा. नावाला फणा होता, गड्याला नव्हता. दिवसभर बैलामागं गोल गोल फिरायचं आणि आठवड्याला दोन पायल्या ज्वारी घरी न्यायची.

घाण्याचा राखणदार लेकीच्या गावाला गेला तो तिकडचाच झाला. मालक रखमाजीशेठ म्हणाले, "भुजंगा, रात्रीची राखणही तूच कर."

"बरं," भुजंगा म्हणाला. काम दुप्पट झालं, ज्वारी होती तेवढीच राहिली.

त्याच्या बायकोचे, यशोदाचे दिवस भरत आले होते. ज्वारीच्या मडक्यात हात घातला की तळ लागायचा. ती म्हणाली, "अहो, खाणारं तोंड वाढतंय. काम वाढलं तशी ज्वारीही वाढवून मागा. पण वेळ बघून. शेठचं पोट भरलेलं असलं की मागा."

भुजंगा गेला. शेठ जेवत होते. हा ताटासमोर उकिडवा बसला. शेठनी घास घेतला.

"भरलं?"

दुसरा घास घेतला.

"आता?"

शेठना ठसका लागला. तांब्यातलं निम्मं पाणी ते प्यायले, निम्मं भुजंगाच्या अंगावर आलं.

"खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसतात का कुणी?" यशोदा म्हणाली. "शेठना एकटं गाठा. आसपास कुणी नको."

सकाळी शेठ टमरेल घेऊन ओढ्याकडं गेले आणि झुडपाआड बसले. भुजंगानं चहूकडं बघितलं. चिटपाखरू नव्हतं. मग त्यानं झुडूप बाजूला सारलं.

"शेठ, ज्वारीचं बोलायचं होतं."

"अरे, ही काय जागा?"

"एकटेच आहात ना?"

"होतो," शेठ म्हणाले.

यशोदानं कपाळावर हात मारला. "आता एकट्यात नको. चार माणसांत मागा. लाजेखातर तरी देतील."

त्याच आठवड्यात शेठचे चुलते वारले. तिरडीला खांदा द्यायला शेठ आणि आणखी तिघं. भुजंगानं मोजले. बरोबर चार. हा शेजारून चालू लागला.

"शेठ, ज्वारी वाढवा."

"गप रे."

"चार माणसं आहेत म्हणून म्हटलं."

मागच्या खांदेकऱ्याला हसू आवरेना. तिरडी डुलू लागली. तो म्हणाला, "रखमाजी, वाढव बाबा. नाहीतर हा स्मशानापर्यंत येईल."

"येणारच आहे," भुजंगा म्हणाला.

शेठना खरंच लाज वाटली. त्यांनी मनाशी ठरवलं, दिवस-कार्य उरकलं की द्यायची वाढ.

दिवस-कार्य उरकलं तसं इकडं यशोदानं नवऱ्याला शेवटचं पढवलं. "आता काही बघू नका, काही मोजू नका. एवढंच म्हणा, ज्याचं काम मी करतो, त्याला जे मिळत होतं ते मला द्या."

भुजंगा ते घोकत घाण्यावर गेला. तिथं बैल लंगडत होता. शेठ म्हणाले, "आजच्या दिवस तूच ओढशील का?"

"बरं."

संध्याकाळी शेठ स्वतः ज्वारी मापून घेऊन आले. "घे. तुझ्या दोन पायल्या आणि राखणदाराच्या दोन. आता दर आठवड्याला चार."

भुजंगानं हात पुढं केला आणि मागं घेतला. "शेठ, मला भोळा समजू नका. ज्याचं काम करतो, त्याचं जे असेल ते द्या."

"तेच तर देतोय."

"आज दिवसभर मी कुणाचं काम केलं?"

शेठनी बैलाकडं बघितलं. बैलानं भुजंगाकडं बघितलं.

"नक्की तेच देऊ?"

"चार माणसांत सांगू का?"

"नको, नको," शेठ म्हणाले.

यशोदा चूल पेटवून वाट बघत होती. गल्लीतून घंटा वाजत आली. कुणाचं जनावर सुटलं म्हणून ती काठी घेऊन दारात गेली. समोर भुजंगा. डोक्यावर कडबा, काखेत पेंड, गळ्यात घंटा.

"वाढ मिळाली," तो म्हणाला. "शेठ ज्वारीवर भागवत होते. मी ऐकतोय होय?"

यशोदानं कडबा उतरवला नाही. घंटेची दोरी धरली आणि त्याला तसाच शेठच्या ओट्यावर नेला. "शेठ, तुमचा बैल सुटून माझ्या दारात आला होता. हा घ्या, आणि माझ्या नवऱ्याची ज्वारी द्या."

शेठनी हसत हसत चारही पायल्या पोत्यात घातल्या. "चल भुजंगा, उचल आणि घरी जा."

भुजंगा जागचा हलला नाही. वाटेकडं बघत कडबा सावरत म्हणाला, "मी कसा उचलू? हिच्या नवऱ्याची ज्वारी आहे. त्याला येऊ दे की."