ठकू खेकडीचा चिंचोका

एक होता डोंगर. चुनखडीचा, पांढरा पांढरा. तिथे राहायची एक इवलीशी खेकडी. नाव तिचं ठकू.

ठकूकडे एक चिंचोका होता. काळा, गुळगुळीत. ठकू त्याला ढकलायची आणि मागे पळायची. तुरुतुरु तिरपी, तुरुतुरु तिरपी.

एकदा काय झालं? चिंचोका घरंगळला. गड गड गड, टुप्प. खडकाच्या फटीत पडला. फट अगदी बारीक. ठकूची नांगी आत जाईना.

ठकू रडवेली झाली. म्हणाली,
"खडकोबा, खडकोबा, वाट दे.
चिंचोका मला मिळेना."

खडकोबा म्हणाला, "मी नाही देत. ओढा मला भिजवेल, मी विरघळेन, मग वाट देईन."

ठकू निघाली. तुरुतुरु तिरपी, तुरुतुरु तिरपी.

"ओढेदादा, ओढेदादा, खडक भिजव.
खडक वाट देईना,
चिंचोका मला मिळेना."

ओढा म्हणाला, "मी नाही भिजवत. नुसत्या पाण्यानं तो विरघळतोय होय? माती मला आंबटपणा देईल, मग भिजवीन."

ठकू निघाली. तुरुतुरु तिरपी, तुरुतुरु तिरपी.

"मातीमाय, मातीमाय, आंबटपणा दे.
ओढा खडक भिजवेना,
खडक वाट देईना,
चिंचोका मला मिळेना."

माती म्हणाली, "माझ्यापाशी आहे कुठे, बाई? पानं कुजली की मी आंबट होते. झाड पानं टाकेल, मग देईन."

ठकू निघाली. तुरुतुरु तिरपी, तुरुतुरु तिरपी.

"झाडआजोबा, झाडआजोबा, पानं टाका.
माती आंबटपणा देईना,
ओढा खडक भिजवेना,
खडक वाट देईना,
चिंचोका मला मिळेना."

झाड म्हणालं, "पानं पिकलीत गं पोरी. पण देठच सुटत नाहीत. वारा मला हलवेल, मग टाकीन."

ठकू निघाली. चढ चढ चढली. पाय दुखले, तरी चढली. डोंगराच्या माथ्यावर वारा घोरत होता. घुर्रर्र फूऽऽ, घुर्रर्र फूऽऽ.

"वारामामा, वारामामा, झाड हलव.
झाड पानं टाकेना,
माती आंबटपणा देईना,
ओढा खडक भिजवेना,
खडक वाट देईना,
चिंचोका मला मिळेना."

वारा म्हणाला, "मी नाही उठत. गुदगुल्या कर, मग उठेन."

ठकूला पाय किती? आठ. नांग्या किती? दोन. सगळ्यांनी मिळून गुदगुल्या केल्या. गुदुगुदु, गुदुगुदु, गुदुगुदु.

वाऱ्याला हसू फुटलं. हसत हसत तो सुटला. सूऽऽ सूऽऽ.

वाऱ्यानं झाड हलवलं.
झाडानं पानं टाकली.
पानं कुजली, माती आंबट झाली.
मातीनं ओढ्याला आंबटपणा दिला.
ओढ्यानं खडक भिजवला. झुळुझुळु, झुळुझुळु.

आणि खडक? तो लागला विरघळायला. पण सावकाश हं. आज एक कण, उद्या एक कण. पाऊस आले, पाऊस गेले. ठकू रोज यायची, नांगी घालून बघायची.

"झाली का वाट, खडकोबा?"

"होतेय गं, होतेय."

फटीचं झालं बीळ. बिळाचं झालं भुयार. भुयाराची झाली मोठी थोरली गुहा. ओढा आत शिरला, दिसेनासा झाला. पार पायथ्याशी बाहेर आला. गुहेच्या छतातून पाणी ठिबकलं. टप, टप, टप. थेंबाथेंबातला चुना वर साठत गेला. त्याचे पांढरेशुभ्र सुळके लोंबू लागले.

"ये ठकू," खडकोबा म्हणाला. "ही घे वाट."

ठकू आत गेली. तुरुतुरु तिरपी, तुरुतुरु तिरपी. आत गार गार, ओलं ओलं. एका खळग्यात काहीतरी चमकत होतं. काळं, गुळगुळीत.

ठकूनं नांगीनं हळूच ढकललं.

गड गड गड, टुप्प.

आणि गुहेनंही म्हटलं, टुप्प.

ठकू हसली, चिंचोक्यामागे धावली. तिला तिचा चिंचोका मिळाला, आपल्याला आपली गोष्ट मिळाली.