सन्मानाची झूल

फार पूर्वी, हत्तींनाही निवृत्ती मिळायची त्या काळी, नदीकाठी म्हाताऱ्या हत्तींचा एक आश्रम होता. देवळाच्या मिरवणुकांतून सुटलेली मंजुळा हत्तीण तिथे राहायची. घंटा वाजली की ती अजूनही दचकायची आणि साखळी बांधून घ्यायला आपसूक पाय पुढे करायची. म्हणून आश्रमात घंटेला बंदी होती.

एकदा राजाने आश्रमाला पुरस्कार जाहीर केला. आनंदाच्या भरात व्यवस्थापक आबासाहेबांनी आधी काय केलं असेल, तर घंटा आणि झूल मागवली.

"मंजुळाबाई, महाराज येतायत. एकदाच सोंड वर करून सलाम ठोकायचा."

"तेच नको म्हणून तर इथे आले ना, आबासाहेब."

"अहो, पण हा तुमचाच सन्मान आहे."

समारंभात घंटा वाजली. झूल पांघरलेली मंजुळा दचकली, पाय पुढे झाला. पाहुण्यांना तो नमस्कार वाटला. टाळ्या पडल्या. मग राजाने सोंड वर केलेला चांदीचा छोटा हत्ती आबासाहेबांच्या हाती दिला आणि तो गहिवरून म्हणाला, "इथल्या एकाही हत्तीला आता मिरवावं लागत नाही."

मंजुळाने सोंडेने झूल ओढून काढली आणि ती नदीकडे निघाली.

"निदान भाषण तरी संपू द्या," आबासाहेब कुजबुजले.

"महाराजांचा शब्द खोटा कसा पाडू?" ती म्हणाली.

शेवटी आबासाहेबांनी झूल चांदीच्या हत्तीवर घातली. तो तिच्यात बुडालाच, सोंडेचं टोक तेवढं वर राहिलं. पण ते मात्र त्याने शेवटपर्यंत खाली केलं नाही.