नवी लागण शून्य

नदीकाठी उसाचं एक गाव होतं. गावाला एक सरकारी दवाखाना होता आणि त्या दवाखान्याला पिराजी नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे मनाने अगदी स्वच्छ. सांगावं ते तो करायचा. अडचण एवढीच होती, की तो ते खरोखरच करायचा.

दवाखान्याच्या मागे एक लहान खोली होती. तिथे प्रमिला सिस्टर एचआयव्हीची तपासणी करायच्या, निरोध मोफत द्यायच्या आणि ज्यांना आजार होता त्यांना महिन्याच्या गोळ्या द्यायच्या. गावातली अनुसया तिथूनच गोळ्या न्यायची. रोजची गोळी घ्यायची आणि चार बायकांबरोबर शेतातलं तण काढायला, भांगलायला जायची. तिला काय आहे हे सिस्टरशिवाय गावात कुणालाही ठाऊक नव्हतं.

एक दिवस वरून पत्र आलं. खोलीत माणसं येत नाहीत. तीन महिन्यांत चाळीस माणसं स्वतःहून तपासून गेली नाहीत, तर खोली बंद करण्यात येईल.

अनुसयेचा चेहरा उतरला.

"मग माझ्या गोळ्या?"

"जिल्ह्याला जावं लागेल."

"दर महिन्याला जिल्ह्याला कशाला जातीस, असं सासू विचारंल. काय सांगू, सिस्टर?"

सिस्टरनी पिराजीला बोलावलं.

"पिराजी, ही खोली बंद होता कामा नये. चाळीस माणसं यायला हवीत."

"येतील की. मी हाय न्हवं," पिराजी म्हणाला.

"पण एक लक्षात ठेव. इथे कोण आलं, कशाला आलं, हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. कुणी खोदून विचारलं तरी तोंड उघडायचं नाही. याला गुप्तता पाळणं म्हणतात."

"पाळतो," पिराजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी त्याला बाजारात पाठवलं. बुधवारी शिबिर होतं, ते लोकांना सांगून यायचं होतं. पिराजी पारावर उभा राहिला.

"बुधवारी या," तो म्हणाला.

"कुठं?" लोकांनी विचारलं.

"ते सांगता येत न्हाई."

"मग कशाला यायचं?"

"ते तर अजिबातच न्हाई."

"कोण बोलावतंय?"

पिराजीने तोंड घट्ट मिटलं. लोकांनी खोदून विचारलं, तसं त्याने वरून हातही धरला. बुधवारी शिबिराला कुणी आलं नाही. सिस्टर रिकाम्या खुर्च्यांसमोर दुपारपर्यंत बसल्या.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "पिराजी, असल्या गोष्टी लपवायच्या नसतात रे. भोंगा लावून, नाव घेऊन, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं सांगायचं. त्यात लाजायचं काय?"

"चुकलं, सिस्टर. आता भोंगा लावतो."

दोन दिवसांनी दूध संस्थेचे सचिव रंगराव मामा खोलीत आले. इकडे तिकडे बघून त्यांनी हळूच निरोधचं पाकीट मागितलं. पिराजीने ते दिलं आणि भोंगा लावला.

"ऐका हो ऐका! दूध संस्थेचे सचिव रंगराव मामा निरोध न्यायला आले आहेत. ते लाजलेले नाहीत. सर्वांनी नोंद घ्यावी!"

संस्थेत तेव्हा संध्याकाळचं दूध घालायला सारा गाव जमला होता. मामांच्या मंडळीही किटली घेऊन तिथेच उभ्या होत्या.

"मामी, आता ह्या वयात?" कुणीतरी विचारलं.

"मलाबी आत्ताच कळतंय," मामी म्हणाल्या आणि दूध न घालताच घरी गेल्या.

पुढचे आठ दिवस मामा संस्थेत मागच्या दाराने ये-जा करत होते. खोलीकडे तर कुणी फिरकेना. सिस्टरनी डोक्याला हात लावला.

"पिराजी, अशा वेळी मान फिरवायची असते. माणूस काय उचलतो, किती उचलतो, ते बघायचंच नाही. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. कळलं?"

"कळलं. भिंतीकडे."

त्याच आठवड्यात दवाखान्यात दोन तरणे गडी आले. हे दोघं खोकल्याचं औषध नशेसाठी पितात, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पिराजीलाही होतं. त्यांनी औषधाच्या कपाटाला हात घातला. पिराजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"पिराजी, आम्ही बाटल्या घेतोय बरं का," एक जण म्हणाला.

"मला काई दिसत न्हाई."

"खोकंच नेऊ का?"

"मी भित्तीकडं बघतोय."

त्यांनी खोकंच नेलं. तासाभरात त्यातल्या एकाला दवाखान्यातच उचलून आणावं लागलं. सिस्टर दिवसभर त्याच्या उशाशी बसल्या. शुद्धीवर आल्यावर त्याला न रागावता समजावलं, नशा सोडवणाऱ्या केंद्राचा पत्ता लिहून दिला आणि धावत आलेल्या त्याच्या आईला पाणी दिलं. मग त्या पिराजीकडे वळल्या.

"तू काय करत होतास?"

"सिस्टर, भिंतीला पोपडे आल्यात. चुना लावाय पायजे."

सिस्टरनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "पिराजी, असा माणूस दारात आला की त्याला ठाम नाही म्हणायचं. तो गोड बोलेल, ओळख सांगेल, पाया पडेल. तरीसुद्धा नाही म्हणजे नाही."

"न्हाई म्हंजे न्हाई," पिराजीने पाठ केलं.

आता दोन महिने झाले होते आणि तपासणीला आलेली माणसं होती सात. सिस्टर स्वतः शेतोशेत हिंडल्या. बांधावर उभं राहून त्यांनी बायकांना समजावलं, की रक्त तपासून घेण्यात कमीपणा नाही, आजार निघालाच तर गोळ्या आहेत, आणि गोळ्या घेणारा माणूस चांगला धडधाकट राहतो. शेवटी भांगलणीच्या टोळीतल्या अकरा बायका तयार झाल्या. त्या दुपारी सुट्टी झाल्यावर दवाखान्यात आल्या. पिराजी दारात बसला होता.

"तपासायचंय," टोळीची मुकादमीण तानूबाई म्हणाली.

"न्हाई."

"आरं, सिस्टरनी बोलावलंय."

"ओळख सांगायची न्हाई."

"पिराजी, तू माझ्या माहेरच्या गावचा. माझ्या भावासारखा."

"ग्वाड बोलायचं न्हाई."

"आता काय तुझ्या पाया पडू का रं बाबा?"

"बघा," पिराजी बाकीच्या बायकांना म्हणाला, "सिस्टरनी सांगितलं तसंच चाललंय." आणि त्याने दार लावून घेतलं.

तानूबाई जाताना जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सिस्टरना हे कळलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या. डोळ्यांत पाणी होतं. अनुसया गोळ्या न्यायला आली होती, तिने ते पाहिलं आणि तीही शेजारी बसली. पिराजीला फार वाईट वाटलं.

"सिस्टर, एकदा सांगा. पुन्हा चुकणार न्हाई."

"माणसाला नीट विचारायचं रे," सिस्टर दमून म्हणाल्या. "काय झालंय, कधी झालंय, काय त्रास आहे. वहीत लिहून ठेवायचं. आणि वरून कुणी विचारलं, तर लिहिलंय तेच सांगायचं. मनचं काही नाही."

हे पिराजीला पटलं. त्याने नवी वही आणली.

मुदतीला आठ दिवस उरले. आणखी एक महिना मागून बघावा म्हणून सिस्टर जिल्ह्याच्या कचेरीत गेल्या. त्या गेल्या आणि इकडे दवाखान्यातला फोन वाजला. तालुक्याचे साहेब बोलत होते.

"तुमच्या गावात लागण किती आहे? नवी किती, जुनी किती? संध्याकाळपर्यंत आकडे हवेत."

आता साहेबांच्या कचेरीत लागण म्हणजे रोगाची लागण. पण या गावात जन्मल्यापासून मरेपर्यंत लागण म्हणजे उसाची लागण, उसाची लागवड. पिराजी वही घेऊन दारोदार निघाला.

"तात्या, तुमची लागण झाली का?"

"झाली की."

"कधी?"

"पुनवंच्या आदल्या दिवशी."

"त्रास काय?"

"हुमणीची अळी लागलीया मुळाला."

पिराजीने लिहिलं.

"आक्का, तुमची?"

"आमची औंदा नवी न्हाई बाबा. जुनीच हाय. तोडली तरी परत फुटती. खोडवा म्हणायचं आता तिला."

पिराजीने तेही लिहिलं. संध्याकाळी साहेबांचा फोन आला.

"नवी लागण एकतीस. जुनी बावीस," पिराजीने वाचून दाखवलं.

साहेब खुर्चीतून उठल्याचा आवाज फोनवर आला.

"एकतीस? अहो, एवढ्याशा गावात? कशामुळे?"

"कालव्याला पाणी आलं, साहेब."

"पाण्यातून होत नाही ही."

"पाण्याशिवाय कशी हुईल, साहेब?"

"लोकांची काय अवस्था आहे? घाबरलेत का?"

"न्हाई. खुशीत हाईत. यंदा जोमात हाय म्हणत्यात."

"जुन्यांना औषध चालू आहे ना?"

"तोडली तरी परत फुटती, साहेब."

"सरपंचांच्या कानावर घातलंत का?"

"त्यांचीच सगळ्यात मोठी हाय."

साहेबांनी फोन ठेवला.

सकाळी नऊ वाजता तीन गाड्या आल्या. डॉक्टर आले, रक्त तपासायचं सामान आलं, साहेब स्वतः आले. ते सरळ सरपंच बाजीराव चौगुल्यांना बाजूला घेऊन बसले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सरपंच, मला कळलंय. खचून जाऊ नका."

"काय कळलंय?"

"लागणीचं."

"त्यात खचायचं काय? मी हौसेनं केलीया."

"हौसेनं?"

"व्हय. चार गडी लावून. एका दिवसात उरकली."

साहेब पाणी प्यायले. तेवढ्यात जिल्ह्याला रात्रीचा मुक्काम करून सिस्टर एसटीतून उतरल्या आणि गाड्या बघून धावतच आल्या. त्यांनी पिराजीची वही वाचली. हुमणी हा शब्द आला तेव्हा त्यांना सगळा घोळ कळला. मग त्यांनी साहेबांना सारं उलगडून सांगितलं.

पण तोवर गावभर झालं होतं. लागण झालेल्या त्रेपन्न जणांची यादी साहेबांकडे गेली आहे, एवढंच बायकांच्या कानावर आलं होतं.

"तुमचं नाव हाय का यादीत?" प्रत्येकीने घरात विचारलं.

"हाय, पण ते उसाचं हाय."

"उसाचं का कशाचं ते रक्तात कळंल. चला."

सगळ्यात आधी सरपंच बाही वर करून आले. त्यांच्या कानशिलाची शीर तटतटली होती.

"घ्या रक्त! कोण म्हणतं मला लागण झाली?"

"झाली की," पिराजी म्हणाला. "मी लिवलंया."

सिस्टरनी त्याला घाईने खुर्च्या आणायला पाठवलं.

सरपंचांमागे तात्या आले, तात्यांमागे रंगराव मामा. मामांना मामींनी हाताला धरून आणलं होतं. नवरे तपासले म्हणून बायकांनीही तपासून घेतलं. तानूबाई आपल्या टोळीसह आली आणि पिराजीकडे न बघता आत गेली. सिस्टर प्रत्येकाला आधी समजावून सांगत होत्या, तयारी आहे का विचारत होत्या, आणि निकाल ज्याचा त्याला, दार लावून, एकट्याला सांगत होत्या. अनुसयाही त्या रांगेतून आत गेली आणि गोळ्या घेऊन बाहेर आली. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. सारा गावच रांगेत होता.

चार वाजेपर्यंत सत्त्याऐंशी माणसं झाली.

सिस्टर पिराजीजवळ आल्या. रागवावं का हसावं हे त्यांना कळेना.

"पिराजी, आज देवानेच तारलं. पण आता स्वतःचं डोकं चालवू नकोस. साहेब सांगतील तेवढंच करायचं. शब्दाला शब्द."

"शब्दाला शब्द," पिराजी म्हणाला.

मग साहेब भाषणाला उभे राहिले. चाळीसच्या जागी सत्त्याऐंशी आकडा झाल्यामुळे त्यांचा आवाज चांगला लागला होता.

"ही खोली बंद होणार नाही," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अनुसयेने पदराने तोंड पुसलं. "पण एक ध्यानात ठेवा. आपलं धोरण एकच आहे. नवी लागण शून्य! मी पुन्हा येईन तेव्हा या गावात एकही नवी लागण दिसता कामा नये. ती मुळापासून उपटून काढा. तरच ही खोली पुढे चालेल."

पुन्हा टाळ्या झाल्या. पिराजीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो सिस्टरजवळ गेला.

"सिस्टर, एकबी न्हाई?"

"एकही नाही रे," सिस्टर सामान आवरता आवरता म्हणाल्या. इतक्या खुशीत त्या तीन महिन्यांत नव्हत्या.

"मुळापासनं?"

"मुळापासून."

"मग खोली ऱ्हाईल?"

"राहील, पिराजी. कायमची राहील."

पिराजीने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तो गेला.

साहेबांचा चहा सरपंचांच्या ओसरीवर झाला. भजी झाली. दुसरा चहा आला, तेवढ्यात तात्या ओढ्याकडून पळत आले. त्यांना धाप लागली होती.

"सरपंच! तुमची लागण... लागण..."

"आता पुन्हा काय लागण?" सरपंच ओरडले. "तपासलंय मी! निकाल खिशात हाय!"

"ती न्हवं! मळ्यातली!"

सगळे मळ्याकडे धावले. सरपंच पुढे, साहेब मागे, सिस्टर त्यांच्या मागे. बांधावर येऊन सगळे थबकले.

पिराजी कमरेत वाकून काम करत होता. त्याच्या मागे अठरा सऱ्या उघड्या पडल्या होत्या. कोवळा ऊस मुळासकट उपटून त्याने नीट पेंढ्या बांधून बांधाला लावला होता. माणसं बघून तो सरळ झाला, कपाळाचा घाम पुसला आणि साहेबांना नमस्कार केला.

"सिस्टर, आता खोलीची काळजी सोडा," तो म्हणाला. "सरपंचांची दिवे लागंपतूर शून्य हुईल. उद्या तात्यांची घेतो."