लेकराचा चढ

खाली ओढ्यापाशी तुम्ही गाडी उभी केलीत ना, तिथपासून या देवळाच्या पायरीपर्यंत जो चढ आत्ता धापा टाकत चढून आलात, त्याला लेकराचा चढ म्हणतात. बसा, आधी दम खा, पाणी घ्या. मी एस्तेर पाटोळे. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो; त्याची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून आल्यागेल्याला हकिकत सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय. आमच्या आंबेखोरीत बाप्तिस्मा घ्यायला कुणी स्वतःच्या पायांनी देवळात येत नाही. त्याला ओढ्यापासून उचलून आणतात. तान्हं मूल असो, नाहीतर नातवंडं झालेला माणूस असो, वाटेत पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. शहरातले पाहुणे हे ऐकून हसतात. तुम्हीही हसा, पण आधी ऐकून घ्या.

मोठा दुष्काळ सरून गेला होता, असं सांगतात. तेव्हा इथे थोडीच घरं होती. नुकतेच ख्रिस्ती झालेले लोक प्रार्थनेला अंगणात जमायचे. आज देऊळ आहे त्या जागी भागाजी पाटोळे आणि त्याची बायको सोनाई यांचं घर होतं. मूलबाळ नव्हतं. वय उताराला लागलेलं, आणि भागाजीचा एक गुडघा दगडाच्या खाणीत कायमचा दुखावलेला. एका सकाळी त्यांच्या दाराशी एक पोर येऊन उभी राहिली. ठकू तिचं नाव, वय बारा-तेराचं असेल. दुष्काळात आईने तिला खालच्या गावच्या एका मळेवाल्याकडे दोन घासांसाठी ठेवलं, आणि आई पुढे कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. मळेवाल्याचं नाव आम्ही घेत नाही. त्याची पतवंडं चांगली माणसं आहेत, बाजारात भेटतात. तर ठकू राखत असलेलं म्हशीचं पारडू मेलं, आणि आता मालक मारणार म्हणून ती डोंगर चढून पळून आली होती.

सोनाईने तिला जेवू घातलं आणि ठेवून घेतलं. पण पोरीचा जीव काही थाऱ्यावर येईना. कोंबडं आरवायच्या आत उठून ती झाडलोट करायची. उभ्याउभ्या जेवायची, आणि भाकरीचा तुकडा ओच्यात बांधून ठेवायची. अंगणात परकं पाऊल वाजलं की धान्याच्या कणगीमागे जाऊन बसायची. सोनाईने नवं लुगडं दिलं तर तिने ते नेसलंच नाही. जाताना परत द्यावं लागेल, तेव्हा खराब कशाला करायचं, म्हणाली.

त्याच सुमारास एक उपदेशक येऊन सांगून गेले, की देव माणसाला चाकरीला ठेवत नाही, दत्तक घेतो, आपल्या घरचं लेकरू करतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येताना ठकूने हळूच विचारलं, "काम चुकलं तर देव परत धाडतो का, मावशे?" सोनाईने तिचा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही म्हणे.

आणि मग जी भीती होती तेच झालं. मळेवाला गडी घेऊन पोरीला न्यायला आला. पंच बसले. तेव्हाची रीत अशी होती, म्हणतात, की पोटासाठी स्वतःच्या पायांनी दाराशी आलेला माणूस चाकर, आणि चाकरावर हक्क आधीच्या मालकाचा. घरच्या लेकरावर मात्र बाहेरच्या कुणाचा हक्क नाही.

"ती माझी लेक हाय," भागाजी म्हणाला.

"कवा जन्मली?" मळेवाल्याने विचारलं. जमलेल्यातले काहीजण हसले.

पंचांमधले सर्वांत वयस्क होते ते हसले नाहीत. ते म्हणाले, "घरचं लेकरू पयल्यांदा घरात येतं ते कुनाच्या तरी हातावर येतं, चालत न्हाई येत. लेक म्हनतोस तर तशी आन. ओढ्यापासून तुझ्या दारापत्तुर, एकट्यानं. वाटंत तिचा पाय भुईला लागला, तर ती चाकर. मग ती ज्याची त्यानं न्यावी."

मळेवाल्याने भागाजीच्या गुडघ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच कबूल झाला.

पंचांनी ओढ्यात पोरीचे पाय धुवून घेतले. भागाजीने तिला पाठीवर घेतलं आणि तो चढू लागला. मागे मळेवाला, नजर तिच्या पावलांवर. दोन्ही बाजूंनी गाव, पण हात लावायची कुणाला मुभा नव्हती. सोनाई वर दारात उभी होती. तिथून चढाचं वळण दिसत नाही, नुसता माणसांचा आवाज येतो. मधेच तोही बंद झाला.

ठकूला पडायची भीती नव्हती. आपण जड आहोत, याची होती. वजन कमी होईल म्हणून ती श्वास रोखून धरत होती म्हणे. वळणाशी भागाजीचा गुडघा कुरकुरू लागला, तसा तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"मला खाली ठिवा, बाबा. तुमी दमला. मी जाते त्यांच्यासंगं."

"दमलोय," तो म्हणाला. "म्हनून काय कुनी लेकरू खाली ठिवतं?"

आणि दोन पावलांवर गुडघ्याने दगा दिला. भागाजी कातळावर गुडघ्यांवर कोसळला. ठकूच्या हातांची पकड सुटली, ती त्याच्या पाठीवरून घसरली. पाय कातळाला टेकणार, तेवढ्यात त्याने दोन्ही हात मागे खाली सोडले आणि तिच्या पावलांखाली तळहात घातले. पोरीचा सगळा भार त्या हातांवर आला. "गळा धर," एवढंच तो म्हणाला. तिने धरला. तो कसाबसा उठला आणि दारापर्यंत गेला.

"पाय लागला. म्या पाहिला," मळेवाला म्हणाला.

पंचांनी ठकूचे तळवे पाहिले. ओढ्यातून निघाले तसेच होते, धुळीचा कणही नव्हता. मग त्यांनी भागाजीला हात दाखवायला सांगितलं. तो दाखवीना. सोनाईनेच त्याचे हात पुढे घेतले. पालथ्या बाजूची कातडी सोलून निघाली होती.

"भुईला बापाचे हात लागले," पंच म्हणाले. "लेकराचे पाय न्हाईत."

मळेवाला खाली उतरून गेला, तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं तरी ठकू झोपलेलीच होती. सोनाईने तिला कुणाला उठवू दिलं नाही.

आजही बाप्तिस्म्याच्या दिवशी एकजण उचलतो, आणि दुसरा त्याच्या मागून तळव्यांखाली हात धरून चालतो. गेल्या वर्षी एक निवृत्त पोस्टमास्तर होते, अंगाने चांगले भरलेले. उचलणाऱ्याचा घाम पाहून तेच रडकुंडीला आले. वळणाशी आलं की प्रत्येकजण म्हणतोच, मला उतरवा, तुम्ही दमलात. तसं म्हणायचं कुणी शिकवलेलं नसतं. भीतीच ती.

आजवर कुणालाही उतरवलेलं नाही.