प्लास्टिक न काढलेला फळा

भोसेकर बाई सातवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवत होत्या, तेवढ्यात संस्थेचे चिटणीस दारात येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे दोन माणसांनी एक भलामोठा खोका धरला होता.

"सरकारांनी शाळेला स्मार्ट बोर्ड दिलाय," चिटणीस म्हणाले. "रोज यावर शिकवायचं. खंडेनवमीला सरकार स्वतः बघायला येणार."

"शिकवू की," बाई म्हणाल्या.

"आणि वरचं प्लास्टिक काढायचं नाही. बोट उमटता कामा नये. ओरखडा दिसला तर तुमची बदली."

"मग आम्ही त्याला हातच लावत नाही."

"वापरला नाही असं कळलं, तरी बदली."

"अहो, पण हा हात लावल्याशिवाय चालत नाही."

"ते सरकारांना सांगा," चिटणीस म्हणाले. कातरखडक गावात सरकारांना कुणी काही सांगत नसे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सरकार म्हणजे तिथल्या जुन्या जहागीरदारांचे वारस. जहागीर गेली, पण शिक्षण संस्था हातात राहिली, त्यामुळे हुकूम सोडायची सोय राहिली.

वर्ग कान देऊन ऐकत होता. पावसाळ्याच्या तोंडाला धोत्रे गुरुजी वारले. त्यांच्या जागी बाई आल्या आणि आता कुठे मुलांचं त्यांच्याशी जमत आलं होतं. रिकाम्या खुर्चीसमोर पुन्हा बसायची कुणाचीच तयारी नव्हती. गुरुजींनी शेवटच्या दिवशी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं 'उद्या : ग्रहण' अजून तसंच होतं; तो धडा राहूनच गेला होता.

"दसऱ्यानंतर हा जुना फळा काढून टाकू," जाताजाता चिटणीस म्हणाले.

मुख्याध्यापकांनी तोड काढली. रोज फोटो पाठवायचे. मग रोज सकाळी बोर्डावरचं मखमली कापड अलगद उचललं जाई. बाई बोर्डाला न टेकणारी छडी धरून उभ्या राहत.

"आश्चर्य दाखवा रे," मुख्याध्यापक म्हणत. "तू हसतोस काय? हे हसायचं आश्चर्य नाही."

फोटो गेला की सरकारांचा अंगठा येई आणि कापड पुन्हा बोर्डावर पडे. तोवर शेकडेवारीचा तास संपत आलेला असे. उरलेल्या वेळात बाई जुन्या फळ्यावर भराभर गणितं सोडवत.

खंडेनवमी आली. शाळेतल्या पूजेची मांडणी सातवीतल्या, लोहाराच्या मुक्ताकडे असायची, कारण तिच्या घरी ती दरवर्षी बघितलेली. तिने वर्गातच पाटावर खडूचा डबा, कंपास, पृथ्वीचा गोल, घंटेची हातोडी आणि झिजून अर्धं झालेलं डस्टर ओळीने मांडलं आणि झेंडूची फुलं वाहिली.

सरकार आले. पाट बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आमचा बोर्ड कुठाय?"

"भिंतीवर आहे, सरकार," मुक्ता म्हणाली.

"आणि पूजा डस्टरची?"

"बोर्ड कुठे मांडावा तेच मला कळेना."

चिटणीस पुढे सरसावले. "अगं, फोटो काढलेत ना रोज? मग मांड की हत्यारांत!"

"आमच्या घरी बाबा हातातला कोयता पूजतात. दुकानात विकायला ठेवलेले कोरे कोयते नाही पूजत. ते हत्यार नाही, माल. आता हा बोर्ड हत्यारांत मांडला, तर त्याला हात लागला असं होतं आणि बाईंची बदली. मालात मांडला, तर त्यावर शिकवलंच नाही असं होतं, आणि तरी बाईंचीच बदली. तुम्हीच सांगा सरकार, कुठे मांडू?"

"तू कुणाची गं?"

"लोहाराची. तुमच्या बंगल्यावरची तलवार बाबाच घासून देतात. मी पण येते त्यांच्याबरोबर. काल तुम्ही बाबांना म्हणालात, पातं लख्ख कर, पण धारेवरच्या खाचांना कानस लावू नकोस."

"अर्थात. त्या लढाईतल्या खाचा म्हणजे आमचं घराणं."

"आणि खाचा नसत्या तर?"

"तर काय," सरकार म्हणाले, "ती नुसती भिंतीवरची शोभा झाली असती."

बोलून झालं, आणि त्यांची नजर आपोआप भिंतीकडे गेली. मखमल पांघरून बोर्ड तिथे होता. मुख्याध्यापक पृथ्वीचा गोल उगाचच सारखा करू लागले.

सरकार पुढे झाले. मखमल ओढली, नखाने प्लास्टिकचं टोक धरलं आणि सर्रकन ओढून काढलं. ओढताना बोटातली हिऱ्याची अंगठी घासली. काचेवर बारीक पांढरी रेघ उठली.

"सरकार, ओरखडा," चिटणीस कळवळले.

"दिसतोय मला. आता कुणाची बदली करता?"

चिटणीस रुमालाने रेघ पुसून बघू लागले.

"आमच्या वर्गात वस्तू खराब केली, की तास संपेपर्यंत शेवटच्या बाकावर बसायला लागतं," मुक्ता म्हणाली.

सरकार इतके हसले की त्यांचा फेटा ढळला. "बसेन! आणि तुला काय हवं ते माग."

"बाईंना इथंच राहू द्या. आणि जुना फळा काढू नका."

"आता तो कशाला?"

"गणितं त्यावरच बरी होतात. चुकलेलं सगळ्यांना दिसतं आणि पुसता येतं."

"मग आमच्या बोर्डावर काय करणार?"

"फळ्यावर जे हलत नाही, ते. गेल्या वर्षी गुरुजी खडूने चंद्र काढायचे, सावली काढायचे, पण ती सावली काही सरकायची नाही."

दोन्ही गोष्टी सरकारांनी तिथल्या तिथे कबूल केल्या, आणि ओरखडा पडलेल्या बोर्डाला स्वतःच्या हाताने झेंडूचा हार घातला.

दसरा झाल्यावर शाळा भरली. बाईंनी खिडक्या लावून घेतल्या आणि बोर्डावर बोट ठेवलं. पृथ्वीची सावली चंद्रावर हळूहळू सरकू लागली. शेवटच्या बाकावर गुडघे आखडून बसलेले सरकार मान वाकडी करून बघत होते. या वेळी आश्चर्य दाखवा, असं कुणाला सांगावं लागलं नाही.

मग खिडक्या उघडल्या आणि गणिताचा तास सुरू झाला. तास संपल्यावर मुक्ताने फळा पुसला. वरच्या कोपऱ्यातली 'उद्या : ग्रहण' ही ओळ तेवढी तिने पुसली नाही.