भामाक्काची बंद चूल

"कुलूप! उद्याच्या उद्या पाठशाळेला कुलूप!" सोनगिरीचा राजा मल्लसेन भर दरबारात कडाडला.

कारणही तसंच होतं. पाठशाळेत बारा वर्षं घोकून तयार झालेले बारा विद्यार्थी त्यानं मोठ्या हौसेनं कचेरीत नेमले होते. पहिल्याच दिवशी एक कोळीण गाऱ्हाणं घेऊन आली, तर व्याकरणात तरबेज श्रीकरानं तिच्या बोलण्यातल्या सात चुका काढून तिला परत पाठवलं! तर्कशास्त्री नीळकंठ कोतवालाशी वाद घालून जिंकला, पण तोवर चोर पसार झाला! उरलेले दहा तर एकमेकांशी बोलतच नव्हते.

पाठशाळेच्या आचार्यांनी हात जोडले. "महाराज, एक संधी द्या!"

"दिली! आठ दिवसांत ही पोरं माणसांत वागायला शिकली पाहिजेत. पण पोथी उघडायची नाही, छडी उगारायची नाही आणि कुणी त्यांना एक अक्षरही शिकवायचं नाही!"

दरबारात कुजबुज सुरू झाली. न शिकवता शिकवायचं कसं?

"मी करते, महाराज!" आचार्यांच्या मागून आवाज आला. ती पाठशाळेची स्वयंपाकीण, भामाक्का. पाठशाळा बंद पडली तर तिचंही पोट उपाशी राहणार होतं.

"तू? तुला लिहिता-वाचता तरी येतं का?"

"नाही, महाराज. म्हणून तर माझ्या हातून शिकवलं जाण्याची भीती नाही!"

पहिल्या दिवशी सकाळीच भामाक्का पायाला फडकं बांधून ओट्यावर बसली. "पाय मुरगळलाय, बाबांनो. कोठीत डाळ-तांदूळ आहेत. सरपण नाही, ताक नाही. बघा तुमचं तुम्ही!"

बारा जणांची बारा मतं! पाणी कुणी आणायचं, यावर संध्याकाळपर्यंत खल चालला आणि सगळे उपाशी झोपले. दुसऱ्या दिवशी श्रीकर गवळणीच्या दारात जाऊन म्हणाला, "हे गोपालिके, तक्रं देहि!" तिनं अंगावर कुत्रं सोडलं. रानातली लाकडं कुणाच्याच मालकीची नसतात, हे नीळकंठानं मोळीवाल्याला पटवून दिलं, तेव्हा त्यानं कुऱ्हाडच उचलली!

भामाक्काच्या ओठांवर दहादा शब्द आले, दहादा तिनं ते गिळले. पोरं उपाशी म्हणून तीही जेवली नव्हती.

तिसऱ्या दिवशी श्रीकर पुन्हा गवळणीकडे गेला. पोटात कावळे ओरडत होते. "मावशी, वासरू का हो असं मलूल दिसतंय?" झालं! मावशी अर्धी घटका वासराचं दुखणं सांगत राहिली, श्रीकर मुकाट ऐकत राहिला आणि ताकानं काठोकाठ भरलेली कासंडी घेऊन परतला. नीळकंठानं मोळीवाल्याची मोळी आधी घरापर्यंत वाहून दिली, मगच लाकडं मागितली. पाचव्या दिवशी कुणी पाण्याला गेलं, कुणी चूल फुंकली. खिचडी करपली, पण कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही. "उद्या आच कमी ठेवू," एवढंच एकजण म्हणाला. भामाक्कानं पदरानं डोळे पुसले.

आठव्या दिवशी बाराही जण पुन्हा कचेरीत बसले, तेव्हा राजा ओळख लपवायला डोक्यावर घोंगडी घेऊन आत शिरला आणि गरजला, "माझी म्हैस हरवली! तुम्ही इथं गाद्या उबवत बसा!"

श्रीकरानं उठून पाण्याचा तांब्या पुढे केला. "बाबा, आधी टेका. कशी होती हो म्हैस?"

"मी कोतवालसाहेबांना विचारून येतो," म्हणत नीळकंठ धावला. तिसऱ्यानं लिहून घेतलं. इतक्या आपुलकीनं विचारपूस झाली, की राजा नसलेल्या म्हशीच्या शिंगांचं वर्णन करू लागला!

मग एकदम भानावर येऊन त्यानं घोंगडी फेकली आणि भामाक्काला बोलावणं धाडलं. "अट मोडलीस तू! यांना कुणीतरी शिकवलंय!"

"शिकवायला मी तोंड उघडलं असेल, तर विचारा यांनाच!"

"नाही, महाराज," श्रीकर म्हणाला. "अक्का आठ दिवस नुसती ओट्यावर बसून होती."

"मग यांचा गुरू कोण?"

"भूक, महाराज! तिला ना पोथी लागते ना छडी, आणि अक्षर तर तिला माझ्याइतकंही येत नाही!"

राजा असा खदखदून हसला, की पगडी मांडीवर आली! भामाक्काला साडीचोळी मिळाली, दुभती गाय मिळाली आणि पाठशाळेत मानाचं आसनही. ते मांडायला सर्वांत आधी उठले, ते आचार्य!