काठी की छत्री?

"ही काठी म्हणायची की छत्री?"

धोंडगीर महाराजांनी पाहुण्याला मठाच्या उंबऱ्यावरच अडवलं.

पाहुणे म्हणजे पुरुषोत्तम साळगावकर, देशाच्या क्रिकेट निवड समितीचे अध्यक्ष. बिचारे एक प्रश्न विचारायला धापा टाकत डोंगर चढून आले होते, आणि इथं दारातच उलटतपासणी!

"दोन्ही," ते जरा तोऱ्यातच म्हणाले. "मिटली की काठी, उघडली की छत्री. लंडनहून आणलीय."

महाराज चिंतेत पडले. मठाचा नियम जुना होता. काठी दाराबाहेर ठेवायची, कारण आधार बाहेर सोडून आत यायचं. छत्री मात्र आत खुंटीला, कारण बाहेर ठेवली की माकडं पळवतात.

"अरे, पण मुळात काय? काठी असलेली छत्री, की छत्री असलेली काठी?"

साळगावकरांचे डोळे विस्फारले. "महाराज, अहो, मी हेच विचारायला आलोय!"

महाराजांनी ती वस्तू उंबऱ्यावर ठेवली. अर्धी आत, अर्धी बाहेर.

"बस. बोल."

साळगावकर बसले आणि बोलू लागले. उद्या सकाळी परदेश दौऱ्याचा संघ जाहीर करायचा होता. मैदानात उतरणाऱ्या अकरा जणांत एक जागा उरली होती, अष्टपैलूची. तेजपाल मुळात फलंदाज, चेंडू आपला जमेल तसा टाकतो. सेल्वन मुळात गोलंदाज, बॅट आपली जमेल तशी फिरवतो. घ्यायचं कुणाला?

मागच्या दौऱ्याला त्यांनी फलंदाज अष्टपैलू नेला होता. समोरच्यांनी धावांचा डोंगर रचला आणि चेंडू टाकायला माणूस पुरेना. त्याच्या आधीच्या दौऱ्याला गोलंदाज अष्टपैलू नेला, तर आपला डाव जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकला नाही. दोन्ही वेळा खापर फुटलं साळगावकरांच्या डोक्यावर. आता पुन्हा चुकलात तर खुर्ची सोडा, असं मंडळानं गोड शब्दांत कळवलं होतं. आणि खोटं कशाला बोला, साळगावकरांचा त्या खुर्चीवर फार जीव होता.

महाराजांकडे यायचं कारणही तसंच होतं. तरुणपणी महाराज तालुक्याच्या मैदानावर अंपायर होते म्हणे. एकदा त्यांनी गावच्या पाटलाला पायचीत दिलं आणि त्याच संध्याकाळी वैराग्य पत्करलं. अशा माणसाचा कौल घेतला की उद्या काही बिनसलं तरी सांगायला बरं, असा साळगावकरांचा हिशेब होता.

"तेजपालची सरासरी बघा…"

महाराजांनी जांभई दिली.

"पण सेल्वनचा चेंडू तिथल्या वाऱ्यात असा वळतो…"

महाराजांनी डोळे मिटले.

"तेजपाल डावखुरा आहे, ही एक जमेची बाजू. पण सेल्वन झेल सोडत नाही…"

महाराज बहुधा ध्यानात गेले होते. थोडं घोरल्यासारखंही वाटलं.

"महाराज… कोण?"

महाराज उठले. खुंटीवरची झोळी खांद्याला लावली. "मधुकरीची वेळ झाली. चल खाली."

साळगावकरांनी उंबऱ्यावरची वस्तू उचलली आणि दोघं निघाले. पायऱ्यांवर बोटभर शेवाळ होतं. अर्ध्या वाटेवर श्रावणातली सर आली.

साळगावकरांनी छत्री उघडली. उघडल्याबरोबर पाय सटकला. त्यांनी घाईघाईनं मिटून तिचा आधार घेतला, तर पाणी कॉलरमधून थेट पाठीवर. पुन्हा उघडली. पुन्हा सटकले. शेवटी सवयीनं उघड्या छत्रीवरच भार टाकायला गेले आणि धपकन बसले.

"भिकार!" त्यांनी छत्री भिरकावून दिली. "ना धड काठी, ना धड छत्री! हिच्या नादी लागलो तिथंच चुकलं!"

महाराज चार पायऱ्या उतरून गेले. छत्री उचलली. धोतराच्या सोग्यानं पुसली. परत वर आले.

"कशाचं भय जास्त? पडायचं की भिजायचं?"

साळगावकर चिखलात बसल्या बसल्या विचार करू लागले. आजवर त्यांना कुणी एवढा सोपा प्रश्न विचारला नव्हता, आणि तोही सुटेना. त्यांना अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

"दोन्हीचं…" ते पुटपुटले.

महाराजांनी त्यांना हात देऊन उठवलं. त्यांचा डावा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवला. उजव्या हातात छत्री दिली.

"उघड."

साळगावकरांनी छत्री उघडली. म्हातारा पुढं, अध्यक्ष मागं, असे दोघं एका छत्रीखाली पायरी पायरी उतरू लागले. महाराजांची पावलं पायऱ्यांना सरावलेली होती. कुणी घसरलं नाही. मघाशी भिजले होते त्यापेक्षा जास्त कुणी भिजलंही नाही.

पायथ्याशी साळगावकरांची मोटार उभी होती. त्यांनी छत्री मिटली, महाराजांना वाकून नमस्कार केला, दार उघडलं… आणि थबकले.

"महाराज, तेवढं एक राहिलंच की. तेजपाल की सेल्वन?"

महाराज गावाकडे वळले होते. ते थांबले. झोळीवरचं पाणी झटकत म्हणाले,

"आल्यापासून त्या दोघांचंच सांगतोयस. उरलेले दहा जण कोण आहेत रे?"